तुंगारसाहेब हजर आहेत

सकाळी पावणेअकराला जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक टेम्पो शिरला आणि त्यातून म्हैस उतरली. उतरल्यावर तिने इमारतीकडे एकदा नीट पाहिलं, मुख्य पायऱ्यांपर्यंत चालत गेली आणि तिथल्या सावलीत, दोन्ही कठड्यांच्या बरोबर मध्ये, बसून घेतलं. बसताना तिने जो सुस्कारा सोडला तो आवारातल्या सगळ्या पक्षकारांच्या मनातला होता.

माझे वकील घारपुरे शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ही कशाला आली?"

"तारीख आहे तिची," मी म्हणालो.

"थट्टा करू नकोस, लांडगे. आज तुझ्या अपिलाची सुनावणी आहे. हरलो तर इथूनच आत जाशील."

ते मला माहीत होतं. पिशवीत दोन लेंगे, टॉवेल आणि दात घासायची पावडर घेऊनच मी आलो होतो. आईने चिवडाही दिला होता. शेजाऱ्यांना तिने सांगून ठेवलं होतं की सुदाम तीन महिने ट्रेनिंगला चाललाय.

म्हशीमागून पारूबाई कुऱ्हे उतरल्या. वय सत्तरच्या आसपास, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं समन्स. तो कागद त्यांनी वकिलांच्या नाकासमोर धरला.

"वाचा. मुद्देमाल क्रमांक तीन, समक्ष हजर करावा. मी हमीपत्रावर अंगठा दिलाय. कोर्ट म्हणेल तेव्हा म्हैस हजर करीन म्हणून. मी कोर्टाचा कागद मोडत नाही बाबा."

"अहो, पण आपल्याला फक्त हजेरीपत्रक हवं होतं," घारपुरे म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. मला म्हैस म्हटलंय, मी म्हैस आणली."

आता मुद्देमालात म्हैस का होती, ते सांगतो.

मी नगरपालिकेच्या कोंडवाड्यावर शिपाई होतो. गावात मोकाट फिरणारी गुरं आमच्याकडे आणून डांबायची, मालक आला की सुटकेच्या चिठ्ठीवर सही घेऊन सोडायची, एवढंच काम. कोंडवाड्यात लांडगे आडनावाचा माणूस नेमला म्हणून नगरपालिकेत महिनाभर हसून झालं होतं. माझ्यावर कोंडवाडाप्रमुख होते श्री. भिकाजी तुंगार. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. आधी जन्ममृत्यू विभागात होते. तिथे चोख काम केलं म्हणून बढती देऊन त्यांना गुरांकडे पाठवलं.

पहिल्याच दिवशी साहेब आत टेबलाशी बसून रजिस्टरं बघत असताना एका वळूने मागून येऊन त्यांची मान चाटली. मारलं नाही, ढकललं नाही, नुसती चाटली. कानापासून कॉलरपर्यंत, एकदाच. साहेब उठले, रजिस्टर मिटलं, पेनाला टोपण लावलं आणि फाटकाबाहेर गेले. रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. त्यानंतर ते कोंडवाड्याच्या फाटकातून कधीच आत आले नाहीत.

आले नाहीत, म्हणजे कामचुकार होते असं नाही. दहाच्या ठोक्याला टपरीवर हजर, सहाला घरी. दिवसभर तिथून लक्ष ठेवायचे. "लांडगे, कोपऱ्यातल्या गाईला पाणी नाही," असं रस्त्यापलीकडून ओरडायचे, आणि खरंच नसायचं. आत असते तर इतकं दिसलं नसतं.

अडचण एकच होती, हजेरीपत्रकाची. ते आत टेबलावर असायचं, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने लिहिलेलं होतं की हे पत्रक कार्यालयाबाहेर नेऊ नये व दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये. साहेब नियमाचे पक्के. पत्रक बाहेर येणार नाही, साहेब आत येणार नाहीत. दोन दिवस तसेच कोरे गेले. तिसऱ्या दिवशी मी फाटकात उभा राहून विचारलं, "साहेब, सही?" त्यांनी टपरीवरून हात वर केला. मी आत जाऊन त्यांची सही केली.

मग तेच रोजचं झालं. ते हात वर करायचे, मी सही करायचो. सुटकेच्या चिठ्ठ्यांचंही तसंच. मी फाटकातून म्हैस दाखवायचो, ते हात वर करायचे, म्हैस सुटायची. चौदा महिन्यांत मला त्यांची सही इतकी सुरेख जमायला लागली की त्यांनी स्वतः एकदा बँकेत केली तर कारकुनाने परत करायला लावली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग पारूबाईंच्या म्हशीने एका नगरसेवकाची डेलियाची फुलं खाल्ली. फुलं प्रदर्शनात जायची होती. म्हैस कोंडवाड्यात आली. दुसऱ्या दिवशी पारूबाई आल्या, साहेबांनी हात वर केला, मी चिठ्ठी दिली, म्हैस घरी गेली. तिसऱ्या दिवशी नगरसेवक स्वतः म्हशीला बघायला आले. त्यांना तिला गजाआड बघायचं होतं. म्हैस नाही म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी मागवली आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर तुंगारसाहेबांना विचारलं, "ही सही तुमची?"

साहेब चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "माझी नाही."

"मग कोणाची?"

"मला कल्पना नाही. मी त्या वेळी पाहणीवर होतो."

सुटलेल्या म्हशीपायी मी असा अडकलो. बनावट सह्या आणि कामात अप्रामाणिकपणा असा गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी मुद्देमालाची यादी केली: एक, हजेरीपत्रक. दोन, सुटकेच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक. तीन, म्हैस, काळी, डावं शिंग वाकडं. पत्रकाचा महिना भरायचा होता म्हणून ते नगरपालिकेने हमीवर परत नेलं, आणि पोलीस ठाण्यात चारा नव्हता म्हणून म्हैस पारूबाईंनी नेली.

खालच्या कोर्टात साहेबांनी शपथेवर पुन्हा तेच सांगितलं. मी खरं ते सांगितलं. साहेब समोर बसायचे, हात वर करायचे. न्यायाधीशांनी विचारलं, कोणी पाहिलंय का. टपरीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, असं काही आठवत नाही. दिवसाला सात चहा घेणारं गिऱ्हाईक त्याला मोडायचं नव्हतं. मला तीन महिने साधी कैद झाली. अपिलापर्यंत जामीन मिळाला, पण निलंबन कायम राहिलं. अपील फेटाळलं की तुरुंग आणि बडतर्फी दोन्ही एकदमच होणार होतं.

घारपुऱ्यांनी अपील दाखल केलं. नंतर त्यांच्या नावाने एक अर्ज गेला, की या प्रकरणातला सर्व मूळ मुद्देमाल, तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच, न्यायालयासमोर आणावा. कोर्टाने तो मंजूर केला. त्याप्रमाणे समन्सं निघाली. हजेरीपत्रक कोंडवाडाप्रमुखांनी आणायचं, म्हैस पारूबाईंनी.

आणि म्हणून त्या दिवशी अकराला पाच कमी असताना, रिक्षातून तुंगारसाहेब उतरले. काखेत लाल फडक्यात बांधलेलं हजेरीपत्रक. रिक्षावाल्याला पैसे दिले, सदरा सारखा केला, आवाराच्या फाटकातून चार पावलं आत आले, आणि थांबले.

म्हैस रवंथ करत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ओळख होती की नाही कोण जाणे, पण कान हलवला.

साहेब आले तसे चार पावलं मागे गेले. रस्ता ओलांडला. कोर्टासमोर चहाची टपरी होती. ते तिथल्या बाकावर बसले.

आमचं प्रकरण पुकारलं तेव्हा साडेअकरा झाले होते. न्यायाधीश श्रीमती हर्डीकर बारीक आवाजाच्या होत्या, त्यामुळे कोर्टात कोणी खोकतही नसे. त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला मोठी खिडकी होती. तिच्यातून पायऱ्या, आवार आणि पलीकडचा रस्ता सगळं दिसायचं. मी आरोपीच्या जागी पिशवी पायाशी ठेवून उभा होतो.

"मुद्देमाल आणलाय?"

सरकारी वकील बोरसे उठले. "नगरपालिकेच्या साक्षीदाराला समन्स बजावलंय, मॅडम."

"पुकारा."

पट्टेवाला शेलार बाहेर व्हरांड्यात गेला आणि त्याने खणखणीत आवाजात तीनदा पुकारलं, भिकाजी तुंगार, हाजिर है. मग परत आला.

"हजर आहेत," तो म्हणाला.

पेशकार जोगळेकरांनी मान खाली घालून रोजनाम्यात लिहिलं. साक्षीदार हजर. लिहून झाल्यावर साक्षीदारांच्या हजेरीचा कागद त्यांनी शेलारला दिला. "सही घे."

शेलार कागद घेऊन गेला. मी आरोपीच्या जागेवरून मान लांब करून पाहत होतो. शेलार वरच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने कागद रस्त्याच्या दिशेने हलवला. पलीकडे बाकावरून तुंगारसाहेबांनी हात वर केला. शेलारने हवेत सही केल्यासारखं करून दाखवलं, म्हणजे करू का. साहेबांनी पुन्हा हात वर केला, आणि वर मानही हलवली.

शेलारने कागद खांबाला टेकवला, सही केली, आत येऊन जोगळेकरांना दिला. त्यांनी तो फाईलला लावला.

हे सगळं मी पाहिलं. पण मी पाहून काय उपयोग. मी हळूच न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांची मान खिडकीकडे वळलेली होती.

मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"जोगळेकर," त्या म्हणाल्या, "साक्षीदार हजर आहे?"

"हो, मॅडम. लिहिलंय."

"कुठे आहे?"

जोगळेकरांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. मग शेलारकडे पाहिलं. शेलारने छताकडे पाहिलं.

"तो कागद द्या इकडे. ही सही कोणाची आहे?"

"तुंगारसाहेबांची," शेलार म्हणाला.

"केली कोणी?"

"मी."

"का?"

"खाली म्हैस आहे, मॅडम."

बोरसे उठून म्हणाले, "मॅडम, हा कर्मचाऱ्याचा किरकोळ निष्काळजीपणा आहे. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध..." मग त्यांना स्वतःलाच संबंध दिसला आणि ते खाली बसले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "शेलार, तुम्ही त्या साक्षीदाराच्या नावाने खोटी सही केलीत?"

शेलार एकवीस वर्षांच्या नोकरीचा माणूस. तो पांढरा पडला. "खोटी कशी, मॅडम? माणूस समोर बसलाय. त्यांनी हात केला. मी दोनदा विचारून घेतलं. माझा काय फायदा त्यात?"

मी खालच्या कोर्टात हेच बोललो होतो, जवळपास शब्दाला शब्द. घारपुरे माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस आपली फाईल वाचणार आहे.

"मॅडम," ते उठून म्हणाले, "बचाव पक्षाचं आणखी काही म्हणणं नाही."

"बसा. मला आहे. त्या साक्षीदाराला वर आणा."

शेलार गेला आणि परत आला. "ते म्हणतात, म्हैस हलवा."

"मग हलवा."

"ती हलत नाही, मॅडम. दोन शिपाई आणि तिची मालकीण लागलेत."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "लांडगे, तुम्हाला जमेल?"

जन्मठेपेचा कैदीसुद्धा अशा वेळी आपलं कौशल्य लपवणार नाही. मी म्हणालो, जमेल. बोरशांनी नोंदवलं की आरोपी कोर्टाबाहेर जातोय, त्याला सरकारची हरकत आहे. न्यायाधीश म्हणाल्या, मग तुम्ही हलवा. सरकारची हरकत मागे घेतली गेली.

मी खाली गेलो. पारूबाई कठड्यावर टेकल्या होत्या.

"हट्टाला पेटलीय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवाजाला उठंल. कोंडवाड्यात लाड केलेस तिचे."

मी म्हशीच्या वाकड्या शिंगामागे खाजवलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुकलो. ती उठली, मागोमाग आली. मी तिला इमारतीला वळसा घालून नेमकी त्या कोर्टाच्या मागच्या खिडकीखालच्या कडुनिंबाला बांधली. तिथे सावली चांगली होती.

तुंगारसाहेब आले. पत्रक छातीशी धरलेलं. पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

"टपरीवर का बसला होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चहा घेत होतो."

"मी पाऊण तास पाहतेय. तुम्ही चहा घेतला नाहीत."

साहेबांनी छातीशी धरलेलं पत्रक सरळ केलं.

"गुरांची भीती वाटते?"

"छे. मी कोंडवाडाप्रमुख आहे."

त्याच वेळी खिडकीखाली म्हैस रेकली. मोठ्यांदा नाही, आपली सहज. पण पिंजरा रिकामा दिसायला लागला. साहेब त्यात खाली बसले होते. हजेरीपत्रक डोक्यावर.

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी तशी नजरच फिरवली होती. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "उठा, तुंगार. ती खाली आहे, आपण वर आहोत."

साहेब उठले. पत्रक कठड्यावर ठेवलं, फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"थोडी वाटते," ते म्हणाले.

"किती थोडी?"

"चौदा महिने आत गेलो नाही."

"आणि सह्या?"

त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. "हात मी करायचो. रोज. त्याने एकही सही न विचारता केली नाही. एकदा मला ताप होता, टपरीवर आलो नाही, तर त्याने त्या दिवशी रजा लिहिली. पत्रकात बघा, आहे."

"मग खालच्या कोर्टात खोटं का बोललात?"

"मॅडम, सासुरवाडीला माझी ओळख आहे, साठ गुरांचा साहेब म्हणून. धाकटा मेव्हणा मला बघून मिशीला पीळ द्यायला शिकला. कोंडवाड्याचा प्रमुख गुरांना भितो, हे रेकॉर्डवर आलं असतं."

"आता आलं," न्यायाधीश म्हणाल्या. आणि जोगळेकरांना म्हणाल्या, "लिहा. जसंच्या तसं लिहा. आणि तो पहिला 'हजर' खोडू नका. तो माझ्या निकालात लागणार आहे."

निकाल आठवड्याने लागला, सहा पानांचा. अपील मंजूर, शिक्षा रद्द, निर्दोष मुक्तता. पाचव्या पानावर लिहिलं होतं की ज्याच्या नावाची सही आहे तो समोर बसून हात वर करत असेल, आणि सही करणाऱ्याला त्यातून काही मिळत नसेल, तर त्याला अप्रामाणिक म्हणता येत नाही. अशी पद्धत मात्र चुकीची आहे, आणि ती या न्यायालयाच्या व्हरांड्यापर्यंत पोचली आहे याची नोंद घेण्यात येते. शेलारला समज मिळाली. मी पिशवीतला चिवडा आवारातच पारूबाईंबरोबर संपवला.

खोट्या साक्षीबद्दल तुंगारसाहेबांनी लेखी माफी मागितली. कोर्टाने ताकीद देऊन सोडलं. नगरपालिकेने त्यांना उद्यान विभागात पाठवलं. तिथे ते खूश होते. त्याच नगरसेवकाला डेलियाची कलमं तेच द्यायचे. मला नोकरीवर परत घेतलं.

त्याला आता बारा वर्षं झाली. कोंडवाडाप्रमुख मी आहे. हजेरीपत्रक स्वतः भरतो.

परवा एका जमिनीच्या कामाला घारपुरे वकिलांकडे गेलो होतो. आता त्यांचं मोठं ऑफिस आहे, दोन खोल्यांचं. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक कागद फ्रेम करून लावलाय. तो अर्ज. मूळ अर्जाची नक्कल काढून आणलीय त्यांनी.

"बघ, लांडगे," ते म्हणाले. "नवे वकील आले की मी त्यांना हे दाखवतो. दुसरा कोणी असता तर फक्त हजेरीपत्रक मागवलं असतं. मी लिहिलं, सर्व मूळ मुद्देमाल. याला दूरदृष्टी म्हणतात."

"खरं आहे," मी म्हणालो.

अर्जाचा मजकूर त्यांनी मला सांगितला होता, तो असा: मूळ हजेरीपत्रक मागवावे. मग म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, लिहून काढ, मी जरा कँटीनला आहे. मी बाकावर बसून लिहायला घेतलं. शेजारी आरोपपत्राची प्रत होती, मुद्देमालाचं पान उघडं होतं. क्रमांक तीन वाचला. कायद्याचं मला काही कळत नव्हतं. एवढंच माहीत होतं की म्हैस समोर असली की तुंगारसाहेब आत येत नाहीत, आणि आत आले नाहीत की हात वर करतात.

अर्ज लिहून झाला तेव्हा दाखल करायची वेळ संपत आली होती. मी कँटीनच्या दारात उभा राहिलो. घारपुरे पार आतल्या टेबलावर होते, मध्ये गर्दी. मी लांबूनच कागद दाखवून विचारलं, "साहेब, सही?"

त्यांनी हात वर केला.

फ्रेममधल्या सहीत शेवटच्या अक्षराला एक छोटी शेपटी आहे. घारपुरे तशी काढत नाहीत. तुंगारसाहेब काढायचे, आणि माझ्या हाताला ती सवय लागली होती. मी काचेवर बोट ठेवून तिथली धूळ पुसली. त्या दिवशी कँटीनमध्ये घारपुरे वेटरला बटाटेवडा मागत होते हे मला नंतर कळलं, पण हात वर झाला होता, हे मी आजही शपथेवर सांगीन.